नव्या खिडक्या आणि ब्लाइंडचे माप

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही साताऱ्यातल्या आमच्या घराच्या पाच खिडक्या बदलल्या. घर मंगळवार पेठेत आहे आणि दोन काळांत बांधलेले आहे. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा, दगड आणि पांढऱ्या मातीचा, त्याच्या भिंती अठरा इंच जाड. मागचा भाग वडिलांनी 1988 साली वाढवलेला, नऊ इंची वीटकामाचा, सिमेंटचा आणि खिडक्यांवर आरसीसी लिंटेल, म्हणजे सळया घातलेली काँक्रीटची आडवी तुळई, असलेला. पुढच्या भागातल्या सागवानी चौकटींना खालून वाळवी लागली होती आणि मागच्या भागातल्या झडपा दर पावसाळ्यात फुगून बसत, म्हणून दोन्हीकडे यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, सरकत्या खिडक्या बसवून घेतल्या. दोन झडपा काचेच्या आणि तिसरी डासांच्या जाळीची, असा हा प्रकार आता सगळीकडे दिसतो.

खिडक्या बसल्या, घरात उजेड वाढला आणि पडदे कुठे लावायचे हा प्रश्न उभा राहिला. जुन्या खिडकीच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. चौकट लाकडाची होती. दोन बाजूंना दोन खिळे ठोकले, स्प्रिंगची तार ताणली, की पडदा लागत असे. पन्नास वर्षांत त्या चौकटींवर किती खिळे ठोकले गेले असतील याची मोजदाद नाही, आणि त्याने चौकटीचे काही बिघडलेही नाही. ही सवय अंगवळणी पडल्यामुळेच, खिडक्यांपाठोपाठ ब्लाइंड, म्हणजे वर-खाली होणारे कापडाचे किंवा पट्ट्यांचे पडदे, लावायचे ठरले तेव्हा ते चौकटीवरच बसणार असे मी गृहीत धरले, आणि ज्या दुकानातून ब्लाइंड घेतले त्याच्या कारागिरानेही तेच गृहीत धरले.

यूपीव्हीसीची चौकट बाहेरून भरीव दिसते, पण ती आतून पोकळ असते आणि त्या पोकळीचे उभे कप्पे केलेले असतात. एका कप्प्यात जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी असते, तिच्यामुळे चौकटीला ताठपणा येतो. दुसरे कप्पे खालच्या रुळात साचणाऱ्या पाण्यासाठी असतात. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस काचेवर आदळतो, खाली उतरतो, रुळात साचतो आणि तळाच्या भोकांतून कप्प्यात शिरून बाहेरच्या बाजूच्या फटींतून भिंतीबाहेर पडतो. म्हणजे रुळात पाणी दिसणे हा दोष नव्हे. ते आतल्या उंच कडेपर्यंत चढण्याआधी बाहेर जाते, एवढेच पाहायचे. शिवाय हे प्लास्टिक उन्हाने वाढते. दीड मीटर लांबीची चौकट हिवाळ्यातल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत तीस अंशांनी तापली, तर तिची लांबी सुमारे 3 मिलिमीटरने, सुतारी भाषेत साधारण एक सुताने, वाढते. म्हणूनच चौकट आणि भिंत यांच्यामध्ये फोम आणि सिलिकॉन भरून थोडी लवचीक जागा ठेवलेली असते. अशा चौकटीच्या दोन-अडीच मिलिमीटरच्या पातळ अंगात स्क्रू घट्ट पकडत नाही, आणि पकडला तरी तो आत कोणत्या कप्प्यात उतरला हे बाहेरून कळत नाही.

हे सगळे मला नंतर समजले. मे महिन्यात दुकानाचा मुलगा आला, त्याने पश्चिमेकडच्या शयनगृहाच्या खिडकीवर वरच्या चौकटीत चार स्क्रू मारून ब्लाइंड टांगला, आणि वाऱ्याने तो हलू नये म्हणून खालच्या रुळाच्या आतल्या कडेला दोन भोके पाडून अडकवण्या बसवल्या. काम वीस मिनिटांत झाले म्हणून मी त्याचे कौतुकही केले. दुसऱ्याच दिवशी जाळीची झडप अर्ध्यावर अडकू लागली, कारण वरचा एक स्क्रू चौकट भेदून झडपेच्या वाटेत उतरला होता. तो काढून आखूड स्क्रू लावला. जुलैमध्ये मात्र यवतेश्वराच्या बाजूने पावसाची झड चार दिवस लागली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगाखाली पाणी सापडले. रुळातले पाणी त्या दोन भोकांतून घरात येत होते. खिडकी बसवणाऱ्यांना बोलावले; त्यांच्यातले वयस्कर मिस्त्री गुडघ्यावर बसून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “भाऊ, खिडकीला भोक कुणी पाडलं? आता पाणी आत येनार न्हाईतर काय हुनार?” भोके सिलिकॉनने बुजवून मिळाली, परंतु त्या खिडकीची हमी आता लागू नाही हेही त्यांनी सौजन्याने सांगितले. राग कोणावर काढावा हे कळेना, कारण भोके पाडताना मी स्वतः टॉर्च धरून उभा होतो.

दिवाळीनंतर सगळे ब्लाइंड काढून पुन्हा लावले, आणि या वेळी चौकटीला हात लावायचा नाही, सारा भार भिंतीवर घ्यायचा, असे ठरवले. ते एकदा ठरले की माप कशाचे घ्यायचे हेही बदलते. काचेचे किंवा चौकटीचे माप उपयोगाचे नसते. माप घ्यायचे ते गाळ्याचे, म्हणजे चौकटीपासून भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत जी खोलगट जागा उरते तिचे, आणि तेही नवी खिडकी बसून, कडांचे प्लास्टर आणि रंग पूर्ण झाल्यावर. खिडकी बदलताना जुनी चौकट उखडली जाते, तिच्याबरोबर कडांचे प्लास्टर सुटते, नवे भरले जाते, आणि या उपद्व्यापात गाळा दोन्ही बाजूंनी थोडा अरुंद होतो. आमच्या एका खिडकीचे जुने माप वहीत लिहिलेले होते. नव्या गाळ्याशी ताडून पाहिले तर रुंदीत 22 मिलिमीटरचा फरक निघाला. जुन्या मापावर ब्लाइंड मागवला असता तर तो आत शिरलाच नसता.

जुन्या भिंतीतला कोणताही गाळा गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसतो. दिवाणखान्याच्या खिडकीची रुंदी वर 1206, मध्ये 1198 आणि खाली 1193 मिलिमीटर भरली, आणि दोन कर्णांत 14 मिलिमीटरचे अंतर आले. गाळ्याच्या आत ब्लाइंड बसवायचा असेल तर तीन रुंदींपैकी सर्वांत लहान धरावी लागते, नाहीतर ब्लाइंड वर सुखाने बसतो आणि खाली उतरताना प्लास्टर खरवडतो. त्या लहान मापातून दोन्ही बाजूंना मिळून सुमारे 10 मिलिमीटर सोडायचे असतात. मात्र ती वजाबाकी आपण करायची की दुकानदाराने, हे कागदावर स्पष्ट लिहून घ्यावे. दोघांनीही केली तर दुप्पट फट राहते, आणि कोणीच केली नाही तर ब्लाइंड अडकतो. याच कारणासाठी मापे मिलिमीटरमध्ये लिहावीत असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. आमचे सुतार सुतांत मोजतात, एका इंचात आठ सूत. दुकानातल्या मुलाला सूत ठाऊक नव्हते आणि त्याने “47 इंच 7 सूत” हे 47.7 इंच असे लिहून घेतले. खरे तर ते 47.875 होते. फरक साडेचार मिलिमीटरचाच, तरी तो त्या खिडकीच्या कडेला रोज सकाळी उजेडाच्या रेषेने दिसतो.

गाळ्याची खोलीही पाहावी लागते. अठरा इंची भिंतीत चौकट बाहेरच्या बाजूला बसवल्यामुळे आत ऐसपैस जागा उरली, इतकी की पूर्वीसारखे खिडकीत बसूनही ब्लाइंड पाठीला लागत नाही. नऊ इंची भिंतीत मात्र तीन रुळांच्या चौकटीनेच जवळजवळ अर्धी जाडी खाल्ली. तिथे ब्लाइंडचा पाइप, तो धरणारा ब्रॅकेट आणि झडपेची पुढे आलेली मूठ या तिघांना जागा पुरेल की नाही, हे ब्रॅकेट हातात धरून पाहिल्याशिवाय समजत नाही.

ब्लाइंड गाळ्याच्या आत लावायचा की बाहेर, या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे उन्हाने दिले. सातारा 17.7 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला, असे वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो, म्हणजे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य आपल्या थोडा उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला ऐन उन्हाळ्यात ऊन लागत नाही. तिच्यातून ऊन येते ते डिसेंबरात, जेव्हा मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून 49 अंशांवरच असतो, आणि त्या दिवसांत ते हवेसेच वाटते. छळते ती पश्चिमेची खिडकी, कारण चार वाजल्यानंतर सूर्य छज्जाच्या खाली उतरतो आणि छज्जा निरुपयोगी होतो. या खिडकीला पाइपवर गुंडाळला जाणारा रोलर ब्लाइंड लावायचा होता, आणि रोलरचे कापड त्याच्या ब्रॅकेटपेक्षा तीन-साडेतीन सेंटिमीटर कमी रुंद असते; गाळ्याच्या आत बसवला की दोन्ही कडांनी उन्हाच्या उभ्या पट्ट्या खोलीत येतात. म्हणून तिथे ब्लाइंड गाळ्याबाहेर, भिंतीच्या दर्शनी भागावर, दोन्ही बाजूंना प्रत्येकी 90 मिलिमीटर जास्त रुंद घेऊन लावला.

त्याने उजेड अडला. उष्णता तितकी अडत नाही, हेही सांगायला हवे. ऊन काचेतून एकदा आत आले, कापडावर पडून त्याची उष्णता झाली, की ती काच तिला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. कापडाची काचेकडची बाजू पांढरी असेल तर काही प्रकाश उष्णता होण्याआधीच परत फिरतो, एवढाच दिलासा. आमची आजी उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे दाराबाहेर टांगून त्यांवर पाणी शिंपडत असे; तिची बाजू, म्हणजे बाहेरची, शास्त्राला धरून होती.

भिंतीत भोक पाडणे हे काम दोन भागांत अगदी वेगळे निघाले. मागच्या भागात आरसीसी लिंटेल असल्यामुळे हॅमर ड्रिल, 6 मिलिमीटरचा काँक्रीटचा बिट आणि गिट्टी, म्हणजे भोकात बसवून स्क्रू धरणारी खुंटी, लागली; एका ठिकाणी सळई आडवी आली तेव्हा ब्रॅकेट इंचभर सरकवला. पुढच्या भागात मी तीच तयारी करून गेलो आणि पहिल्याच भोकातून भुकटीऐवजी तांबूस भुसा बाहेर पडला. खिडकीवर सागवानाची तुळई होती, आणि तिला वाळवीने स्पर्शही केलेला नव्हता. लाकडाला गिट्टी नको. 3 मिलिमीटरचे बारीक भोक आधी पाडून त्यात दोन इंची स्क्रू सरळ पिळला, कारण भोकाशिवाय जुन्या सागवानात स्क्रूचे डोके तुटून हातात येते. बाजूच्या भिंतीत मात्र दोन दगडांमधली माती लागली, तर तिथे कोणतीही गिट्टी धरत नाही. अशा वेळी वरच्या तुळईतच काय तो भार द्यावा.

दिवाणखान्यात लाकडी पट्ट्यांचा ब्लाइंड हवा होता. इथल्या चार महिन्यांच्या ओलीत खऱ्या लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकतात, म्हणून लाकडासारख्या दिसणाऱ्या पीव्हीसीच्या पट्ट्या घेतल्या. त्या जड असतात; बाराशे मिलिमीटर रुंदीला मधला तिसरा ब्रॅकेट आम्ही आवर्जून लावला.

रोलरच्या साखळीकडे आमचे लक्ष उशिरा गेले. धाकट्या बहिणीचा दोन वर्षांचा मुलगा दिवाळीत आला आणि पलंगावर उभा राहून तीच साखळी गळ्यात घालून खेळू लागला. लोंबती फासासारखी साखळी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते; अमेरिकेत 1 जून 2024 पासून लागू झालेल्या सुधारित मानकाने अशा मोकळ्या दोऱ्यांवर कडक बंधने घातली आहेत. साखळी ताणून धरणारी चिमटी ब्लाइंडच्या खोक्यातच होती, पण ती कारागिराने लावलेली नव्हती. ती त्याच दिवशी भिंतीत पक्की केली आणि पलंगही खिडकीपासून दूर सरकवला.

स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीसाठी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ब्लाइंड ठरवला होता, मापही दिले होते. आई म्हणाली, “फोडणीचा चिकटा एकेका पट्टीवरून कोण पुसणार?” आणि तिने तिथला जुना अर्धा पडदा धुऊन पुढे ठेवला. स्प्रिंगची तार अजून चांगली होती. चौकटीला हात न लावता, बाजूच्या भिंतीत दोन गिट्ट्या बसवून ती ताणली.