कडिया ध्रोला जा, पण जीपवाल्याचं ऐकू नका

आधी निकाल सांगतो. कच्छमधली भुजजवळची कडिया ध्रोची घळ बघाच. पानंध्रोच्या खाणीसाठी वेगळी खेप मारू नका. आणि वाळूच्या टेकड्या हव्या असतील तर कच्छला येऊच नका, सरळ जैसलमेर गाठा आणि सम किंवा खुरीला मुक्काम टाका. कच्छचं रण म्हणजे मीठ आणि चिखल. भुजमध्ये गाडी ठरवताना आम्हाला मात्र "सर, डेझर्ट, कॅन्यन, माइन, सब एक पॅकेज में" असं सांगण्यात आलं. त्यातलं कॅन्यन तेवढं खरं निघालं.

ठाण्याहून निघणाऱ्यांनी बोरिवलीहूनच गाडी पकडावी. कच्छ एक्स्प्रेस आणि सयाजीनगरी दोन्ही तिथे थांबतात. फक्त घोडबंदर रोडसाठी भरपूर वेळ हाताशी ठेवा. ठाणे-बोरिवली बोगदा होईल तेव्हा होईल, तोवर गायमुखच्या घाटात काय वाढून ठेवलंय ते कुणी सांगू शकत नाही. स्टोव्हचा गॅस कॅनिस्टर सॅकमध्ये टाकू नका, रेल्वेत चालत नाही. स्वयंपाकाचा नादच सोडा. गावात सांगून ठेवलं की बाजरीचा रोटला आणि ताक मिळतं.

भुजपासून कडिया ध्रो साधारण ३५ किलोमीटर. डांबर आहे तोवर काही अडचण नाही. पुढे कच्चा रस्ता लागतो आणि तिथे एक जीप उभी असते. "कार नहीं जाएगी, एकदम गेट तक छोडूंगा," म्हणत त्याने १५०० मागितले. गेट वगैरे काही नाही तिथे. थोडं अंतर धूळ खात गेलो, एक कोरडा ओढा आला आणि जीप थांबली. "बस, सामने ही है." समोर काय होतं? बाभळी. तंबू, पाणी, सगळं पाठीवर घेऊन तिथून पुढे तासभर चाललो. दुसऱ्या दिवशी परत त्याच ओढ्यापाशी आलो तर हा म्हणतो, "वापसी का अलग." पुन्हा १५००! ऊन चढलेलं, पाणी संपत आलेलं. अशा वेळी माणूस घासाघीस तरी किती करणार? १००० वर तुटलं. आजही आठवलं की डोकं फिरतं, कारण जेवढं अंतर त्याने नेलं तेवढं येऊरला दर रविवारी चालणारा कुणीही गप्पा मारत कापेल.

म्हणून सांगतो, गाडी गावातच कुणाच्या तरी अंगणात लावा, चार पैसे त्यांना द्या आणि पहाटे पायी निघा. जीप घ्यायचीच असेल तर ओढ्याच्या अलीकडे सोडणार की पलीकडे, परतीचे पैसे धरून किती आणि थांबणार किती वेळ, हे तिन्ही चार लोकांसमोर बोलून घ्या. ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि वाट गावातल्या माणसालाच विचारा. नकाशावरची खूण आम्हाला घळीच्या नको त्या काठावर घेऊन गेली.

आता काटे. ही आपली विलायती बाभूळ. वनखात्याने १९६१ च्या सुमारास बन्नीच्या गवताळ पट्ट्यात क्षारपड थोपवायला ती लावली, आणि आता जिकडे बघाल तिकडे तीच. काटा माझ्या बुटाच्या तळव्यातून थेट अंगठ्यापर्यंत आला. तंबूखालची जागा हाताने झाडून घेतली होती, तरी मध्यरात्री हवेची मॅट हळूहळू बसली आणि पाठ जमिनीला टेकली. फोमचीच मॅट न्या, आणि चिमटा खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको.

घळ मात्र अफाट. आपल्या सह्याद्रीतल्या सांदण दरीत भिंती अंगावर येतात, इथे आधी काठावरून सगळा पसारा खाली दिसतो. तांबडे, पिवळे, जांभळट थर, पाण्याने कापून गुळगुळीत केलेले, आणि मधोमध एकटाच उभा असलेला सुळका. जेवढी चिडचिड झाली होती ती तिथे पहिल्या पाच मिनिटांत उतरली.

पण सह्याद्रीत वाढलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं. आपले हात बेसाल्टला सरावलेले. हा वालुकाश्म आहे. कोरडा असताना बूट झकास धरतो, पण धार बोटांत पकडली की चिमूटभर वाळू हातात येते. अशा कपारीवर पूर्ण वजन टाकायचं नाही आणि दोर बांधायला दगडाचं टोक शोधायचं नाही. कुंडांच्या कडा खालून पोखरलेल्या आहेत, पाणी हिरवं, तळ दिसत नाही. उतरू नका. फोटोसाठी तर मुळीच नाही. पावसाळ्यात इथे यायचा विचारही करू नका.

तंबू घळीच्या पात्रात ठोकू नका. वर, शेताच्या बांधावर, मालकाला विचारून. ठाण्यात जानेवारीला चादर पुरते म्हणून पातळ स्लीपिंग बॅग नेलीत तर रात्रभर उकिडवे बसाल. शेजारच्या तालुक्यातलं नलिया हिवाळ्यात गुजरातेतल्या सगळ्यात थंड गावांत असतं. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, शेकोटीचे बेत त्या हिशेबाने करा.

खाणीचं थोडक्यात सांगतो. पानंध्रोला लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची, जुनी खाण आहे. तिथे सापडलेल्या २७ मणक्यांवरून २०२४ मध्ये वासुकी इंडिकस या अजस्र सापाचं वर्णन प्रसिद्ध झालं. वय सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षं, लांबीचा अंदाज ११ ते १५ मीटर. हे वाचून आम्ही उड्या मारत गेलो. "माइन में नीचे तक उतर सकते हैं" असं गाडीवाल्यानेच सांगितलं होतं. फाटकावर रखवालदाराने परत पाठवलं, आणि बरोबरच केलं. भुसभुशीत कडा, खड्ड्यांत साचलेलं पाणी, शिवाय लिग्नाइट आपोआप पेट घेतो. परवानगीशिवाय आत जायचं नाही, आणि बाहेरून दिसतात ते मातीचे ढीग. त्या बाजूला जाणारच असाल तर लखपतचा किल्ला बघा. १८१९ च्या भूकंपानंतर सिंधूचं पाणी तुटलं आणि बंदर ओस पडलं. वाटेत माता नो मढला आशापुरा मातेचं दर्शन आणि प्रसादाचं जेवण होतं. तिथल्या मातीत जॅरोसाइट हे खनिज आहे, जे मंगळावरही सापडलं आहे.

पांढरं रण छान आहे, सगळ्यांनी पाहिलंय. परवान्यासाठी ओळखपत्र लागतं. सीमेचा मुलूख आहे, ड्रोन घरी ठेवा.

परतीचं तिकीट जातानाच काढा. रणोत्सवाच्या दिवसांत भुजहून मुंबईकडची वेटिंग लिस्ट हलत नाही आणि आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या सकाळी आठ वाजता मोबाइल घेऊन बसा.