नाव नसलेली जलपरी

मंगळवार, रात्र

डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या गोष्टीतल्या जलपरीला नावच नाही. आजी, पाच बहिणी, राजपुत्र, सगळे येऊन जातात, पण तिला नावाने हाक मारणारं गोष्टीत कुणी नाही. राजपुत्र तिला लाडाने 'माझी सापडलेली पोर' म्हणतो आणि आपल्या दाराबाहेर मखमली उशीवर झोपायची परवानगी देतो. केवढे उपकार! गोष्ट छापली गेली १८३७ मध्ये, कोपनहेगनला. 'एरिअल' हे नाव आलं थेट १९८९ च्या डिस्नेच्या 'द लिटिल मर्मेड' या चित्रपटात. दीडशे वर्षं पोर बिननावाचीच राहिली.

भाची सुट्टीला आली आहे आणि घरात दिवसभर एरिअलचं राज्य चालू आहे, म्हणून मूळ गोष्ट पुन्हा काढली. लहानपणी वाचली होती ती फारच कापलेली असणार, कारण कालवांचा प्रसंग मला मुळीच आठवत नव्हता.

प्रसंग असा. पंधरा वर्षं पूर्ण झाली की जलपरीला समुद्राच्या वर जायची मुभा मिळते. धाकटीची पाळी येते तेव्हा आजी तिला सजवते. केसांत पांढऱ्या लिलीच्या फुलांचा मुकुट, त्यातली प्रत्येक पाकळी म्हणजे अर्धा मोती. मग राजघराण्याची खूण म्हणून शेपटीला आठ मोठाली कालवं घट्ट चिकटवते. पोर म्हणते, दुखतंय. आजीचं उत्तर, नटायचं म्हणजे थोडं सोसावं लागतं! हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही आजीच्या तोंडी सहज बसेल. आजीच्या स्वतःच्या शेपटीवर बारा कालवं आहेत, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हताच. पुढे ती पोर चेटकिणीला आवाज देऊन पाय मिळवते आणि प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखं दुखतं, तरी ती हसत नाचत राहते. हे तिला कुठून जमलं, असं मला आता वाटत नाही. घरूनच शिकून आली होती.

गुरुवार

'एका पोरासाठी सगळं सोडून गेली', असं एरिअलबद्दल हमखास ऐकू येतं. आज मैत्रिणीनेही फोनवर तेच ऐकवलं. मला पटत नाही. चित्रपटात मानवी जगात जाण्याच्या ओढीचं तिचं गाणं येतं तेव्हा तिने राजपुत्राला पाहिलेलंही नसतं. गंमत म्हणजे तेच गाणं कापायचं घाटत होतं. चाचणीच्या खेळात मुलं चुळबुळ करायला लागली म्हणून स्टुडिओचे प्रमुख कात्री घेऊन बसले होते. गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन आणि दिग्दर्शक अडून बसले, म्हणून ते वाचलं. तेवढं उडवलं असतं, तर मैत्रीण म्हणते तेच खरं ठरलं असतं.

अँडरसनच्या मुलीला तर त्याहून मोठी गोष्ट हवी आहे. जलपऱ्या तीनशे वर्षं जगतात आणि मग फेस होऊन जातात, मागे काही उरत नाही. माणसाला अमर आत्मा असतो. तिला तो हवा आहे आणि तो मिळायचा एकच रस्ता, माणसाने तिच्याशी लग्न करणं. अर्थात, सूर्यासारख्या गोल आखलेल्या तिच्या बागेत बुडालेल्या जहाजातला एका देखण्या मुलाचा संगमरवरी पुतळा आधीपासून उभा असतो, तेही खरंच. ओढ काही अगदीच आध्यात्मिक नव्हती.

१८३६ मध्ये अँडरसनचा जिवलग एडवर्ड कॉलिन याचं लग्न झालं. अँडरसनने त्याला लिहिलेली पत्रं मित्राच्या पत्रांपेक्षा बरीच हळवी आहेत. बोलता न येणारी, दुसऱ्याच्या लग्नात हसतमुखाने नाचणारी नायिका त्यानंतर वर्षभरात छापली गेली. अभ्यासक दोन्ही जोडतात. गोष्ट वाचताना मलाही ते विसरता येत नाही.

शनिवार

आज भाचीच्या शेजारी बसून चित्रपट पुन्हा पाहिला, अर्धं लक्ष चित्रांकडे ठेवून. एरिअल साकारणाऱ्यांत ग्लेन कीन हा मुख्य चित्रकार. त्याआधी अस्वल, दुष्ट उंदीर अशा धिप्पाड पात्रांसाठी तो प्रसिद्ध होता. एरिअल त्याने हट्टाने मागून घेतली. तिचा आवाज गेल्यावर पुढचं सगळं चेहऱ्यावरच चालतं, आणि कीनचं कसब तिथेच दिसतं. ती बोलायला तोंड उघडते, मग आठवतं की आवाज नाही, आणि खांदे पडतात. शब्द एकही नाही, पण भाची त्या जागी दर वेळी 'अरे!' म्हणते.

चित्रपटात आवाज शंखात ठेवलेला असतो. शंख फुटतो आणि आवाज परत येतो. अँडरसनकडे चेटकीण जीभच कापते. राजपुत्र दुसरीशी लग्न करतो तेव्हा बहिणी चेटकिणीला आपले केस देऊन सुरी आणतात, राजपुत्राला मार आणि घरी ये, म्हणतात. ती सुरी समुद्रात फेकते आणि स्वतः फेस होते. आवाज परत मिळतो तो शरीर गेल्यावर, हवेची लेक, म्हणजे हवेतला अदृश्य जीव, झाल्यावर. तीनशे वर्षं सत्कर्मं केली की आत्मा मिळेल, आणि घरातलं मूल शहाण्यासारखं वागलं तर त्यातले दिवस कमी होतील, वाईट वागलं तर वाढतील! इथे मात्र अँडरसन मास्तरकी करतो. एवढी सोसलेली पोर, आणि तिची शिक्षा कुणा कार्ट्याच्या वागण्यावर टांगायची?

भाचीला हा शेवट सांगितला. तिने विचारलं, मग आजीला कोणी सांगितलं का? गोष्टीत पुन्हा पाहिलं. बहिणींच्या तोंडी एवढंच आहे, की आजी इतकी रडतेय की तिचे पांढरे केस गळून गेलेत.