ओव्हरक्लॉकची परीक्षा मे महिन्यात, दुपारी तीनला

डिसेंबरात रात्री अकराला मी माझा रायझन ५ ३६०० प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या स्पीडच्या वर, सगळ्या कोअरवर ४.३ गिगाहर्ट्झला चढवला, १.३५ व्होल्ट दिले, सिनेबेंच ही प्रोसेसरला पूर्ण राबवणारी टेस्ट चालवली, टेंपरेचर ७८, लगेच ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून मोकळा. खोलीत तेव्हा २० डिग्री होतं हे कोण बघतो!

मग मे आला. अमळनेरात पारा ४४, वर पत्र्याची खोली, पंखा गरम हवाच फिरवतोय, आणि मी मावसभावाच्या लग्नाचा व्हिडिओ रेंडरला लावला. पाऊण तासात मशीन रिस्टार्ट, परत लावला, परत रिस्टार्ट. फॅन एवढा ओरडत होता की माय आतून म्हणे, "हाऊ डबा काबर बोंबली राहिना?"

हिशोब सोपा होता, डोक्यातच आला नाही. प्रोसेसरवर बसवलेला हवेवरचा कूलर, महागडा असला तरी, खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. डिसेंबरात खोली २०, मेमध्ये ३८, म्हणजे ७८ चे थेट ९६, आणि या प्रोसेसरची मर्यादा ९५. त्यामुळे आपल्याकडे थंडीत सेटिंग केलं तरी वर वीसेक डिग्री शिल्लक ठेवायचीच.

नवीन करणाऱ्यांनी आधी आपलं हार्डवेअर बघा. इंटेलमध्ये नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड सिरीजचा मदरबोर्ड लागतो, रायझन बहुतेक सगळे उघडे, म्हणजे स्पीड बदलता येणारे, असतात पण ए३२० सारख्या स्वस्त बोर्डावर ओव्हरक्लॉक होत नाही. वॉरंटीचंही बघा, ओव्हरक्लॉकमुळे जळाला तर कंपनी हात वर करते.

मग बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणारं बोर्डाचं सेटिंग) मल्टिप्लायर, म्हणजे बेस क्लॉकला गुणायचा आकडा, थोडा थोडा वाढवा, बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असतो म्हणून ४१ म्हणजे ४१०० मेगाहर्ट्झ, दर वेळी अर्धा तास लोड द्या, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये टेंपरेचर बघत बसा. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका, काही बोर्ड गरजेपेक्षा जास्तच ढकलतात. आणि खरी गरमी तिथंच आहे भो, स्पीड तोच ठेवून १.२ चे १.३५ व्होल्ट केले की वॉट साधारण सव्वापट होतात, कारण व्होल्टेजचा वर्ग लागतो. मी शेवटी ४.१ वर १.२ ला आलो, रेंडर दोन-चार मिनिटं जास्त घेतं, घेऊ दे.

स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका, प्लग काढा, बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा, बायोस मूळ सेटिंगवर येतं. (बायोस अपडेट मात्र लाईटचा भरवसा नसताना यूपीएसशिवाय करू नका.)

अन् कूलर उघडून बघा. आमच्या गल्लीमागे जिनिंग आहे, माझ्या कूलरच्या पट्ट्यांत धूळ आणि कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी बसली होती, ती काढल्यावर सहा डिग्री फुकटात कमी झाले. ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरून ठेवा, नाहीतर गरगरून बेअरिंग जातं.