फोटोत सोफा, घरात फरशी

विकायला काढलेल्या रिकाम्या फ्लॅटचे व्हर्च्युअल स्टेजिंगचे फोटो आज आले. सोफा, गालिचा, कुंड्या, सगळं संगणकावर मांडलेलं. दिसतंय झकास! फक्त खिडकी डावीकडे आणि सोफ्याची सावलीही डावीकडेच. (असलं काही दिसलं की मला दुसरं काही दिसतच नाही.)

खरं फर्निचर भाड्याने आणायचं तर ने-आण, मांडणी आणि घर विकेपर्यंत भाडं चालूच. फोटोंचं काम त्यामानाने स्वस्त आणि झटपट. पण फोटो पाहून आलेला माणूस दार उघडतो तेव्हा समोर नुसती फरशी! आवाज घुमतो, पलंग मावेल का याचा अंदाज येत नाही, आणि नजर थेट भिंतीवरच्या ओलीच्या डागांवर जाते.

एजंट म्हणाले, "ती ओलही फोटोतून काढून टाकू." म्हटलं, सोफा हवा तेवढा घाला, ओल राहू द्या. सामान दाखवणं वेगळं, घराचा दोष लपवणं वेगळं.

शेवटी हॉलपुरतं खरं सामान आणायचं ठरलं. बेडरूम फोटोतच सजतील, खाली 'सजावट आभासी' असं स्पष्ट लिहून आणि शेजारी रिकाम्या खोलीचा मूळ फोटो देऊन. सावली तेवढी दुरुस्त करायला परत पाठवली आहे.