कात्री मोजून घ्या, साहेब

वाळूजच्या एका कारखान्यात मी भरतीचं काम बघतो. दुचाकीच्या सीटची कव्हरं शिवायची आमची लाइन. दिवाळीआधी मोठी ऑर्डर आली की पंधरा-वीस शिलाई कामगार लागतात आणि सकाळी सातपासून गेटवर रांग लागते. आमच्या अर्जात ९ वा रकाना आहे : आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय? इतक्या वर्षांत तिथे मी 'नाही' किंवा आडवी रेघ, एवढंच बघितलं होतं. त्या दिवशी एका अर्जावर निळ्या पेनानं लिहिलेलं होतं, 'होय. कलम ३०४ भाग २. सात वर्षे.' म्हणजे जुन्या दंड संहितेतला सदोष मनुष्यवध, मारायचा हेतू नसताना हातून गेलेला जीव.

वैजापूर तालुक्यातला माणूस, पंचेचाळिशीतला. "मुलाखतीला आत या," म्हणालो तर उंबऱ्यातच थबकला. मागून त्यानंच सांगितलं, जेलात मुलाखत म्हणजे जाळीपलीकडं घरचं माणूस. शेवटची दोन वर्षं त्याच्या मुलाखतीला कुणी आलंच नव्हतं.

बांधाचं भांडण. चुलतभावाच्या डोक्यात काठी बसली, तिसऱ्या दिवशी तो घाटीच्या सरकारी दवाखान्यात वारला. "माझ्या हातनं माणूस गेला, साहेब," एवढंच म्हणाला. दारू, राग, समोरच्याची चूक, कशाचाच आडोसा घेतला नाही.

सुटल्यावर तो आधी वॉचमनचं काम मागायला गेला होता. असल्या माणसाला जो तो हाच सल्ला देतो. आणि नेमकं तेच दार बंद. खाजगी सुरक्षा एजन्सीच्या २००५ च्या कायद्यानं शिक्षा झालेल्या माणसाला सुरक्षारक्षक नेमता येत नाही. सीटची कव्हरं शिवायला मात्र कायद्याची कुठलीच आडकाठी नाही. आडकाठी असते ती आमच्यासारख्यांच्या टेबलावर.

मी त्याला मशीनवर बसवलं. बाकीचे उमेदवार बसल्या बसल्या पायडल दाबत होते. यानं आधी सुई काढून नखावर टोक फिरवून बघितलं, बोथट होती, ती बदलून मागितली. बॉबिन उघडून दोऱ्याचा ताण बघितला. मग रेक्झिनच्या तुकड्यावर दुहेरी टीप घातली, ती वळणावरही कुठे हलली नाही. आमच्या सुपरवायझरनं तो तुकडा उलटा धरून बघितला आणि न बोलता माझ्या हातात दिला. शिवणकाम तो नाशिकरोडच्या जेलात शिकला होता.

उठताना त्यानं कात्री, काढलेली जुनी सुई आणि बॉबिन एका रांगेत मांडलं. "मोजून घ्या, साहेब." जेलात कारखाना सुटताना रोज हत्यारं मोजून द्यावी लागत. एक सुई कमी भरली तरी कुणी जागचं हलायचं नाही.

त्या तुकड्यासकट अर्ज मी वर नेला. वरच्या साहेबांनी शिलाई बघितली, ९ वा रकाना बघितला. "उद्या काही झालं तर तुम्ही जबाबदार?" मी हो म्हणालो, लिहून देतो म्हणालो. नाही चाललं. मग ते अगदी सहज बोलून गेले, "त्यानं लिहिलंच नसतं तर घेतला असता ना."

हे वाक्य मला आजही सोसवत नाही. त्या रांगेतल्या आडव्या रेघांमागं काय होतं, ते आम्ही कधी विचारलंय? ज्यानं खरं लिहिलं, त्यालाच आम्ही परत पाठवलं.

गेटपर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. "पुढच्या ठिकाणी तो रकाना मोकळा सोडा," असं माझ्या तोंडून निघून गेलं. तो म्हणाला, "गावाला समदं ठावं हाय, साहेब. कागदावर लपवून मी जाऊ कुठं?"

बजाजनगरात रिक्षाचे हूड शिवणारा एक ओळखीचा आहे. त्याला मी फोनवर सगळं सांगितलं, ३०४ सकट. तो म्हणाला, "टीप सरळ येते का?" दुसऱ्या दिवशीपासून माणूस तिथं कामाला लागला.

९ वा रकाना अर्जातून काढून वेगळ्या कागदावर घ्यावा, आधी मशीन आणि मग तो कागद, असं टिपण मी त्याच आठवड्यात वर दिलं. दर सोमवारी विचारतो. सही अजून झालेली नाही.