पोलीस केस पेपर मागतात तेव्हा

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात बसल्यावर पहिला गैरसमज सोडावा लागतो तो वॉरंटचा. केस पेपर मागायला पोलिसांना वॉरंट लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी तपासासाठी लेखी आदेश काढून कागद मागवू शकतो. 1 जुलै 2024 पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 91 होतं. नव्या गुन्ह्याच्या पत्रावरही ते जुनं कलम दिसलं, की मजकूर जुन्या नमुन्यावरून उतरवलाय हे ओळखायचं आणि उरलेलं पत्र दोनदा वाचायचं.

'लेखी' आणि 'प्रभारी' हे दोन शब्द मात्र आमच्या कामाचे. "डिस्चार्ज कार्डचा फोटो तेवढा व्हॉट्सॲपवर टाका" म्हणून हवालदाराचा फोन आला, तर उत्तर एकच: पत्र पाठवा. ईमेलने आलं तरी कायद्याला चालतं. त्यावर गुन्हा क्रमांक, जावक क्रमांक, रुग्णाचं पूर्ण नाव, दाखल झाल्याची तारीख आणि सही-शिक्का बघतो. आयपीडी नंबर, म्हणजे दाखल रुग्णाचा नोंदणी क्रमांक, नसेल तर वय, पत्ता जुळवतो. एकाच नावाचे दोन रुग्ण निघतात.

खरा घोळ "सर्व वैद्यकीय कागदपत्रे" या शब्दांत आहे. तपास अपघाताचा असतो आणि त्याच फाइलमध्ये मागे कधीतरीची मनोविकारतज्ज्ञांची टिपणं लावलेली असतात. म्हणून कोणत्या तारखांचे, कशासाठी, हे उलट पत्राने विचारतो. तपास अधिकारी कुरकुरतात, पण बहुतेकदा त्यांना जखमेचं प्रमाणपत्रच हवं असतं.

एचआयव्हीच्या नोंदीला निव्वळ पोलिसांचं पत्र पुरत नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम 8 रुग्णाची संमती किंवा न्यायालयाचा आदेश मागतं. अडचण अशी, की तो निकाल वेगळ्या कागदावर नसतोच. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, साखर यांच्या खालच्या ओळीत तो छापलेला असतो आणि भूलतज्ज्ञांनी आपल्या टिपणात पुन्हा उतरवलेला असतो. पहिली जागा सगळ्यांना आठवते, दुसरी निसटते. दोन्हीकडे कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढतो आणि ओळ झाकल्याचं पोचपावतीवर लिहितो. गर्भपाताचं प्रवेश रजिस्टर तर टेबलावर येतच नाही. 2003 च्या विनियमांनुसार ते गोपनीय असून रुग्णालय प्रमुखांच्या ताब्यात असतं.

एमएलसीची, म्हणजे अपघात-मारहाणीसारख्या पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसची, खबर पोलिसांना देणं हे वेगळं काम. त्यात फाइल देणं येत नाही.

शक्यतो साक्षांकित प्रतीच देतो. मूळ कागद जप्त करायचेच म्हणाले, तर आधी पूर्ण संच झेरॉक्स करून जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घेतो. प्रत्येक पानावर क्रमांक, पोचपावतीवर पानांची संख्या आकड्यात आणि अक्षरात, नेणाऱ्याची सही आणि बक्कल नंबर. नुसतं 'फाइल मिळाली' लिहून घेतलं, तर पुढे कोर्टात पानं कमी भरल्यावर ती कुणाकडे राहिली याचं उत्तर रेकॉर्ड विभागालाच द्यावं लागतं.