आर्सेनिक निघालं, पण फॉर्मचा रकाना सरकेना

पाण्यातलं विषारी आर्सेनिक काढायला जळगावात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी मॅग्नेटाइटचे (लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, केले. लोखंडाच्या दोन क्षारांच्या द्रावणात अमोनिया घातला की काळा साका खाली बसतो. ते जमलं. आर्सेनिक या कणांना चिकटतं, मग कण चुंबकाने ओढून घ्यायचे. केळीच्या मळ्यातल्या बोअरच्या पाण्यात मी लिटरला १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक मिसळलं होतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० आहे.

अडलं तपासणीत. बाहेरच्या प्रयोगशाळेच्या छापील फॉर्ममध्ये एक रकाना होता: नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून नायट्रिक आम्ल घातलं आहे का? 'हो' नसेल तर नमुना परत. आता ०.४५ मायक्रॉन म्हणजे ४५० नॅनोमीटर, आणि माझे कण दहा-वीस नॅनोमीटरचे! चुंबकाला चुकवलेले कण त्या गाळणीतून सरळ पार होतात, आम्लात विरघळतात आणि धरलेलं आर्सेनिक पुन्हा पाण्यात सोडतात. यंत्र तेही मोजतं. फोनवर हे समजावलं, तर उत्तर एकच, "फॉर्मप्रमाणेच द्या." ईमेलला उत्तर नाही. सरांचं पत्र जोडलं, ते विभागप्रमुखांच्या सहीसाठी परत आलं. सही घेऊन पाठवलं, तर आधीची पावती जोडा म्हणाले. शेवटी त्यांच्या पद्धतीने नमुना गेला आणि रिपोर्टमध्ये आर्सेनिक जेमतेम उतरलेलं. इतक्या कष्टांवर एका रकान्याने पाणी फिरवलं, याचा संताप अजून जात नाही.

आमच्या लॅबमधले काका म्हणाले, "भो, 'हो' लिही, पण त्याच्या आधी काय केलं ते वेगळ्या कागदावर लावून दे." तसंच केलं. पाणी रात्रभर निओडायमियम चुंबकावर ठेवलं, सेंट्रिफ्यूज केलं (यंत्रात वेगाने फिरवून कण तळाशी बसवले), ०.०२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरने गाळलं (महाग असतो, पण घ्याच), आणि आम्ल सगळ्यात शेवटी. आकडा १० च्या खाली आला. त्या दिवशी घरी जाऊन आईला रिपोर्ट वाचून दाखवला.

त्याच नमुन्यात लोहही मोजून मागा. लोह जास्त निघालं तर कण निसटलेत, हे लगेच कळतं. प्रयोग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर करू नका. बोअरच्या पाण्यातले फॉस्फेट आणि सिलिका कणांवरची जागा अडवतात. वापरलेले कण बेसिनमध्ये टाकू नका, सगळं आर्सेनिक त्यांच्यावरच असतं. झाकणाच्या बाटलीत, लेबल लावून, घातक कचऱ्यात द्या.